वगळायची यादी

जाम चौरस्त्यापासून आत नऊ किलोमीटर,
जिनिंगच्या काट्याची खोली,
टेबलावर माझा लॅपटॉप, कीबोर्डच्या फटींत रुई.
काटा दर सेकंदाला एक आकडा लिहितो,
गाडी असो नसो.
शून्य. शून्य. शून्य.
दुपारी दोन ते चार वीस किलो:
काट्यावर कुत्रं झोपलेलं.
मग पुन्हा शून्य.

ही फाईल संध्याकाळपर्यंत फुगते
ओल्या सरकीच्या पोत्यासारखी,
आणि ती मी गिटमध्ये ठेवत नाही.

"काऊन नाही ठेवत?" नत्थूजी झाडे विचारतात.
काट्यावर एकोणतीस हंगाम. माणसानं आजवर
पाठकोरी पावतीसुद्धा फेकलेली नाही.
मी सांगते, जे यंत्रानं बनवलं जी,
ते यंत्र पुन्हा बनवील.
आपण लिहिलं तेवढंच जपायचं.
बिल्ड, कॅश, लॉग, टेम्प,
एका ओळीवर एक नाव,
ठिपक्यानं सुरू होणारी एवढीशी फाईल.
"म्हंजे विसरायच्या गोष्टीची यादी?"
हो.
"आन् ते यादी?"
ती ठेवायची.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"मंग विसरलं कुठं, पोरी?"

माझंही शहाणपण उशिराचंच.
पहिल्याच महिन्यात मी पासवर्डची फाईल
तशीच आत ढकलली होती.
नंतर यादीत तिचं नाव लिहिलं, वाटलं झालं.
झालं नव्हतं. एकदा आत घेतलेल्याला
यादी ओळखत नाही,
हात धरून बाहेर काढावं लागतं,
आणि काढलं तरी जुन्या पानांवर ते बसलेलंच.
शेवटी कुलूपच बदललं.

मार्चात, हंगाम उतरताना,
गेलेली वीज परत आली ती झेप घेऊन.
जळका वास. पडदा काळा.
मी घाबरले नाही. हिंगणघाटहून दुसरा आणला,
टिनावर फोन ठेवून रेंज पकडली,
क्लोन केलं. चहा होईतो सगळं परत.
बिल्ड नव्यानं बनलं, लॉग शून्यापासून.
बघा जी, मी म्हणाले. जरा ऐटीतच.

नत्थूजी पडद्याकडे बघत राहिले.
"आन् माह्यी नावाची फाईल?"
कोणती?
"तूच तं म्हन्ली होती, तात्पुरती ठेवा कुठंबी.
म्या तात्पुरत्यात ठेवली."

टेम्प.
दोन वर्षं टेम्पमध्ये.
सातबाऱ्यावरचे देवराव तीन,
त्यातला कोणता गिरडच्या वाटेचा, कोणता घरजावई;
कुणाचा चुकारा बायकोच्याच हाती द्यायचा
आणि का;
कोणती म्हातारी अंगठा देते पण त्याआधी
आकडा दोनदा मोठ्यानं वाचायला लावते.
हे कुठल्या यंत्रानं बनवलं नव्हतं.

यादी उघडली. टेम्पपुढं तिरपी रेघ,
म्हणजे फाटक बंद.
फाटक बंद असताना आतल्या एकाला
हाक मारून उपयोग नाही,
उद्गारचिन्ह लावलं तरी.
आधी रेघेपुढं एक चांदणी ठेवली:
फाटक उघडं, आतल्या प्रत्येकाला वेगळं अडवायचं.
मग खालच्या ओळीवर
उद्गारचिन्ह, टेम्प, नावं.

सांगा जी.
ते डोळे मिटून सांगत गेले,
गावांच्या क्रमानं नाही,
गाड्या रांगेत लागतात त्या क्रमानं.
सत्तेचाळिसाव्यावर अडले.
"हा एक... हिरवी टोपी... तूर बी आनते...
राहू दे. तोंड पाह्यलं का आठवते."
मी नाव कोरं ठेवलं,
पुढं लिहिलं, हिरवी टोपी.
कमिट. पुश.

बाहेर कुत्रं काट्यावर येऊन पसरलं होतं.
वीस किलो. वीस किलो. वीस किलो.
"त्याचंबी नाव हाये," नत्थूजी म्हणाले.
लिही, असं काही म्हणाले नाहीत.
मीही विचारलं नाही.